एआयला ‘कशावरून?’ विचारायला शिकवणारं सुट्टीतलं शिबिर : एका आजोबाचा अभिप्राय

साताऱ्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात मुलांसाठी पाच दिवसांचं शिबिर झालं. एआयनं दिलेलं उत्तर खरं की खोटं, ते कसं तपासायचं, एवढाच विषय. फी ₹६००, वेळ सकाळी नऊ ते अकरा, वयोगट चौथी ते नववी. माझी दोन नातवंडं त्यात होती. थोरली सातवीत जाणारी, धाकटा चौथीत. पालकांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. बहुतेक जण मुलांना सोडून कामाला पळायचे. मी निवृत्त माणूस, मला कुठं जायचं? बसून राहिलो. त्यामुळे पुढं लिहितोय ते ऐकीव नाही, बघितलेलं आहे.

नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. एकाच बांधावर उभे राहून दोन सख्खे भाऊ दोन वेगवेगळ्या खुणा छातीठोकपणे दाखवतात, हे मी उभ्या हयातीत बघत आलो. आवाज चढा असला म्हणून हद्द सरकत नाही. शिबिराचा विषय कळल्यावर म्हणूनच मी पोरांच्या बापाला म्हटलं, पाठव, पैसे मी भरतो. थोरली प्रकल्पवहीत मोबाइलवरचं उत्तर जसंच्या तसं उतरवते, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. ‘अगं, हे खरं आहे का?’ विचारलं की ‘एआयनं सांगितलंय आबा’ म्हणायची, आणि विषय संपायचा.

शिकवायला एक ताई होत्या. मुलं त्यांना ताईच म्हणत. आधी शाळेत विज्ञान शिकवत होत्या, हे त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरावरून आणि मुलांना गप्प करायच्या पद्धतीवरून ओळखू यायचं. एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी चोख केली. मुलांच्या हातात मोबाइल दिला नाही. तेराच्या आतल्या मुलांनी बहुतेक एआय अ‍ॅपांत स्वतःचं खातं काढायचं नसतं, म्हणून सगळे प्रश्न त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच खात्यातून, पडद्यावर सर्वांना दिसतील असे विचारले जायचे. कोणतं अ‍ॅप वापरलं ते इथं लिहीत नाही. दोन-तीन वापरली, आणि चुकायच्या बाबतीत सगळी एकाच माळेचे मणी.

पहिल्या दिवसाचा प्रयोग सगळ्यात सरस. ताईंनी टाइप केलं, ‘तुकाराम महाराजांचा पावसावरचा एक अभंग दे.’ डोळ्याचं पातं लवायच्या आत अभंग हजर. चरण बरोबर, यमक बरोबर, शेवटी ‘तुका म्हणे’ सुद्धा जागच्या जागी. खाली भावार्थ, त्याखाली ‘या अभंगातून मिळणारी शिकवण’. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ताईंनी खालच्या मजल्यावरून तुकोबांची गाथा मागवली, चांगला जाडजूड ग्रंथ, आणि मागची अभंगांची सूची उघडून दिली. चार मुलं सूचीवर तुटून पडली. तो अभंग नाही. पहिला शब्द थोडा बदलून बघितलं, नाही. मग ताईंनी यंत्रालाच विचारलं, ‘हा गाथेतला कितवा अभंग?’ त्यानं बेधडक आकडा दिला. त्या क्रमांकावर निघाला भलताच अभंग, पावसाचा थेंबसुद्धा नसलेला.

एका मुलाच्या घरी वारी आहे. तो सूची निघायच्या आधीपासूनच मान हलवत होता. ‘ताई, तुकोबा ‘निसर्गाचे सौंदर्य’ असं म्हणत नाहीत,’ म्हणाला. मला तर त्या पोराला पेढा द्यावासा वाटला. सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याच्या तोंडी आपल्या निबंधमालेतली भाषा! पण हे ओळखायला आधी कानावर खरे अभंग पडलेले लागतात, आणि ज्याच्या कानावर ते पडलेले नाहीत त्याच्यासाठी गाथा उघडणं हा एकच मार्ग. ताईंनी हे दोन्ही रस्ते मुलांसमोर ठेवले. मागं बसून मी मनातल्या मनात म्हटलं, ₹६०० इथंच वसूल.

असं का होतं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी समजावलं, तेही कुठला बोजड शब्द न वापरता. फळ्यावर लिहिलं, ‘आषाढी एकादशीला वारकरी ____ जातात.’ सगळा वर्ग ओरडला, ‘पंढरपूरला!’ पुढचं वाक्य, ‘रामूच्या काकांच्या गावाचं नाव ____.’ आता प्रत्येकाचं गाव वेगळं. कुणी मेढा म्हणालं, कुणी वडूज, एकानं तर न्यूयॉर्क. ताई म्हणाल्या, यंत्र दोन्ही वाक्यं एकाच पद्धतीनं पुरी करतं. आत्तापर्यंत वाचलेल्या ढिगाऱ्यावरून पुढं कोणता शब्द शोभेल, तो टाकतं. पहिल्या वाक्यात शोभणारं आणि खरं एकच असतं. दुसऱ्यात शोभणारी गावं पन्नास, खरं एकच, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. पण वाक्याचा सूर दोन्हीकडं तोच.

‘मग ते माहीत नाही असं का म्हणत नाही?’ हा प्रश्न माझ्या थोरलीनं विचारला, याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. ताईंनी उत्तर दिलं ते असं. ओपनएआय या कंपनीच्याच संशोधकांनी २०२५ साली एक निबंध लिहून मांडलं की या यंत्रांच्या परीक्षाच अशा घेतल्या जातात की कोरं सोडलं तर शून्य, आणि ठोकून दिलं तर निदान लागलं तर लागलं. मुलांना हे लगेच पटलं. आपल्याकडं कुठला विद्यार्थी उत्तरपत्रिका कोरी सोडतो?

तिसऱ्या दिवशी किल्ले. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावानं बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, आणि एक जिंजी, तो तमिळनाडूत. आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे. ताईंनी मुलांना म्हटलं, प्रश्न तुम्ही घाला. एकानं घातला, ‘अजिंक्यतारा जागतिक वारसा यादीत कोणत्या वर्षी आला?’ यंत्रानं वर्ष दिलं, वर साताऱ्याचं दोन ओळी कौतुक केलं. वर्गात एकच जल्लोष. आमचा किल्ला! खिडकीतून दिसतोच तो.

मग ताईंनी तोच प्रश्न फिरवून विचारला, ‘अजिंक्यतारा या यादीत आहे का?’ आता उत्तर आलं, नाही. त्याखाली बारा नावं आली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जिंजी. युनेस्कोच्या संकेतस्थळावर ताडून बघितली, बरोबर होती. मुलं हिरमुसली, पण धडा जबरदस्त होता. प्रश्नातच चुकीची गोष्ट गृहीत धरली की उत्तर त्याच गृहीतावर इमला चढवतं. आणि उत्तर आपल्याला सुखावणारं असलं की तपासायचं कुणाला सुचत नाही. ही दुसरी गोष्ट ताई बोलल्या नाहीत. मला वाटतं बोलायला हवं होतं, कारण त्या दिवशी खोलीत घडलं ते तेच. त्या लगेच कास पठाराकडं वळल्या. ते २०१२ पासून पश्चिम घाटाच्या वारसास्थळात आहे, आणि तिथं यंत्र बरोबर निघालं.

चौथ्या दिवशी ‘नक्की का?’ हा खेळ. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर विचारलं, उत्तर आलं कळसूबाई, १६४६ मीटर. बरोबर. मग थोरलीनं सांगितलं तसं ताईंनी टाइप केलं, ‘चुकलंस. माझे आजोबा मोजणी खात्यात होते, ते म्हणतात साल्हेर सर्वांत उंच.’ यंत्रानं ताबडतोब माफी मागितली, माझ्या अनुभवाचा आदर वगैरे केला, आणि साल्हेरला पहिला नंबर देऊन टाकला! साल्हेर १५६७ मीटर. किल्ल्यांत तो राज्यात सर्वांत उंच, शिखरांत नाही. सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघत होता. इथं ताईंनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ठाम बोलणं हा जसा पुरावा नाही, तसं माफी मागून शब्द फिरवणं हाही पुरावा नाही. ‘नक्की का?’ विचारून बरोबर उत्तरही ढासळतं. म्हणून यंत्राला पुन्हा पुन्हा विचारत बसायचं नाही, यंत्राच्या बाहेर जायचं.

याला जोडून त्यांनी न्यूयॉर्कच्या त्या वकिलांची हकिगत सांगितली. एका विमान कंपनीवरच्या दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुने निवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्यातल्या एका वकिलानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हे खरे आहेत ना? ते हो म्हणालं. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. मोठी मुलं हे ऐकून हबकली, लहानांना कोर्ट म्हणजे काय इथपासून सुरुवात होती.

आकड्यांचा विषय निघाल्यावर मला राहवलं नाही. हात वर केला आणि एव्हरेस्टची गोष्ट सांगितली. मोजणी खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीवरून ती उंची काढली गेली आणि १८५६ मध्ये जाहीर झाली, २९,००२ फूट. सर्वेवाल्यांत सांगतात की हिशेब बरोब्बर २९,००० फूट आला होता. पण इतका गोल आकडा बघून लोक म्हणतील अंदाजपंचे ठोकलाय, म्हणून वर दोन फूट चढवले. आज मान्य असलेली उंची ८,८४८.८६ मीटर, २०२० साली नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली. मुद्दा एवढाच की आकडा जितका बारीक, तितका तो खरा वाटतो. दशांश चिन्ह बघितलं की माणूस मान डोलवतो. यंत्राच्या उत्तरात असे बारीक आकडे पोत्यानं असतात. ताईंनी मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही, याबद्दल त्यांना वेगळे गुण.

या शिबिराची मला सर्वांत पटलेली बाजू अजून सांगितली नाही. ताईंनी निवडलेल्या प्रश्नांतल्या जवळपास निम्म्यांची उत्तरं बरोबर येत होती, आणि कोणती बरोबर येणार ते मुलांना आधी कळत नव्हतं. नुसत्या चुकाच दाखवल्या असत्या तर मुलं ‘एआय खोटं बोलतं’ एवढं घेऊन घरी गेली असती. त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण उद्या दहा बरोबर उत्तरं मिळाली की तो ग्रह उडून जातो. विंचू चावल्यावर काय करावं, हे जावळीकडच्या एका मुलीनं विचारलं. उत्तर बरोबर आलं, ताबडतोब दवाखाना, गावठी उपाय नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशानं होणारे मृत्यू कसे रोखले, तेही नीट आलं. तरी ताई म्हणाल्या, हे वाचत बसायचं नाही, आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारायची आणि १०८ फिरवायचा. उत्तर खरं असलं तरी चालायचा क्रम कोणता, हे सांगणं मला महत्त्वाचं वाटलं.

आणि कोयनेचा भूकंप. तारीख विचारली, ११ डिसेंबर १९६७. बरोबर. मी तेव्हा पहिलीत होतो, पहाटे घरातली भांडी फडताळातून खाली आली होती. मग तीव्रता विचारली, तर प्रत्येक अ‍ॅपनं वेगळा आकडा दिला. मुलं ओरडली, खोटं, खोटं! ताईंनी थांबवलं. पुस्तकांतही ६.३ पासून वर वेगवेगळे आकडे सापडतात, कारण तीव्रता मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत आणि तेव्हा यंत्रं आजच्याइतकी दाट नव्हती. म्हणजे काही उत्तरं चूक असतात, आणि काही ठिकाणी जाणकारांचंच एकमत नसतं. हा फरक आठवी-नववीच्या मुलांना समजला असं त्यांच्या प्रश्नांवरून वाटलं. इथं अर्धा तास जास्त द्यायला हवा होता, पण अकराला वर्ग सोडायचा म्हणून गुंडाळलं.

आता तक्रारी. पहिली, चौथी आणि नववी एकत्र बसवणं ही शुद्ध चूक. माझा धाकटा अभंगाच्या दिवशी खूश होता, किल्ल्यांच्या दिवशी खूश होता, बाकी वेळ त्यानं वहीच्या मागं विमानं काढली. शिबिरातून त्यानं नेमका एक शब्द घरी आणला, ‘कशावरून?’ आंघोळीला जा म्हटलं की ‘कशावरून?’ सूनबाईंनी मला जाब विचारलाय.

दुसरी तक्रार जरा गंभीर. पडताळा बघायची वेळ आली की ताई सरळ इंग्रजी संकेतस्थळांवर जायच्या. किल्ल्यांसाठी युनेस्कोला पर्याय नाही, मान्य. पण बाकीच्या वेळी? अहो, मराठी विश्वकोश इथं आपल्याच जिल्ह्यात, वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि आज सगळं घरबसल्या फुकट वाचता येतं. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याच नोंदींखाली संदर्भग्रंथ असतात. कोण सांगतंय आणि कशाच्या आधारावर, हे जिथं उघड छापलेलं आहे ते मुलांना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार? तो शेवटच्या दिवशी, शेवटच्या पंधरा मिनिटांत उघडला. जुन्या नोंदींतली लोकसंख्या, रस्ते, धरणं यांचे आकडे त्या काळचे असतात, तेही शिकवता आलं असतं: छापलेल्या गोष्टीलाही तारीख बघायची. बालभारतीची पुस्तकंसुद्धा संगणकावर मिळतात. मराठी माध्यमातल्या पोरानं पडताळा इंग्रजीतच बघायचा असेल, तर ते तो बघणार नाही, गुपचूप यंत्रावर विश्वास ठेवेल. समोर बसलेली निम्मी मुलं मराठी माध्यमाची होती.

तिसरी तक्रार किरकोळ. भिंतीवर रंगीत तक्ता लावला होता, ‘नेहमी शंका घ्या’, ‘चिकित्सक व्हा’ असल्या वाक्यांचा. एकाही मुलानं तो वाचला नाही आणि तेच बरं झालं. कारण उपयोगाची वस्तू दुसरीच होती, प्रत्येक मुलाला दिलेली तीन रकान्यांची वही. यंत्र काय म्हणालं, मी कुठं बघितलं, सापडलं की नाही. तिसऱ्या रकान्यात ‘सापडलं नाही’ लिहायला परवानगी होती, आणि तसं लिहिणाऱ्यालाही शाबासकी मिळायची. थोरलीची वही अजून चालू आहे. परवा तिनं त्यात ‘दर्पण, ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर’ असं लिहून पुढं विश्वकोशाचं नाव घातलेलं बघितलं. सगळ्याच उत्तरांना ती हे करत नाही. गाण्याचे शब्द, केक कसा करायचा, हे बिनधास्त विचारते आणि केक करते. ते मला वावगं वाटत नाही. शेजाऱ्याच्या कुंपणाला कुणी मोजणी लावत नाही, बांध फुटला तरच लावतात.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, सामोसा आणि सामूहिक फोटो. त्यात पाऊण तास गेला. त्याऐवजी कोयनेचा विषय पुरा केला असता तर चाललं असतं.

कुणाला पाठवावं? सहावीच्या पुढच्या मुलांना जरूर. विशेषतः जी प्रकल्पवही मोबाइलवरून उतरवतात त्यांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. चौथी-पाचवीला वेगळा वर्ग काढणार का, हे नाव घालायच्या आधी विचारा. मी विचारलं, तर ‘बघू’ म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घेणार आहेत, तेव्हा फी ₹७०० होईल असं कानावर आलंय. पालकांना माझा सल्ला, शक्य असेल तर एक दिवस तरी मागं बसा, आणि बसायचं असेल तर अभंगाचा दिवस चुकवू नका. जिना अरुंद आणि उभा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी खाली वाचनकक्षात बसावं, तिथं पंखा वरच्यापेक्षा चांगला चालतो आणि पेपर सगळे येतात.